‘हक्का’ नूडल्स खाता, पण हक्का कोण हे माहीत आहे का?

नाक्यावरची चायनीजची गाडी असो की एसी हॉटेल, मेन्यूवर ‘हक्का नूडल्स’ असतातच. पण हक्का हे सॉसचं किंवा शिजवण्याच्या पद्धतीचं नाव नाही. ते एका चिनी समाजाचं आणि त्याच्या भाषेचं नाव आहे.

नावाचा अर्थ काय?

हक्का म्हणजे ‘पाहुणी कुटुंबं’. उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिण चीनमध्ये आलेल्या या लोकांना हे नाव पडलं आणि कित्येक पिढ्यांनंतरही ते ‘पाहुणे’च राहिले. ग्वांगडाँगमध्ये १८५५ ते १८६७ दरम्यान स्थानिकांशी रक्तरंजित संघर्ष झाला. पुढे हक्का लोकांनी तेच नाव अभिमानाने स्वीकारलं.

भाषा की बोली?

चीनमध्ये हक्का ‘बोली’ मानली जाते. प्रत्यक्षात फक्त मँडरिन येणाऱ्याला हक्का बोलणं समजत नाही. तैवानमध्ये मार्शल लॉच्या काळात शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना दंड व्हायचा. २८ डिसेंबर १९८८ रोजी हक्का लोक ‘आमची मातृभाषा परत द्या’ म्हणत तैपेईत रस्त्यावर उतरले. २००३ मध्ये हक्का टीव्ही वाहिनी आली आणि २०१८ मध्ये कायद्याने राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. तरीही नव्या पिढीत ही भाषा बोलणारे कमी होत आहेत.

भारताशी नातं काय?

कोलकात्याच्या टांग्रा भागात चामड्याचे कारखाने चालवणारे बहुतेक चिनी हक्का होते. त्या शहराच्या चिनी स्वयंपाकघरांतूनच आपलं इंडियन चायनीज घडलं. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळी इथे डांबण्यात आलं. पुढे अनेक हक्का कुटुंबं टोरंटोला गेली. तिथे आज ‘हक्का’ हॉटेल म्हणजे भारतीय चवीचं चायनीज!

आपण यातून काय घ्यायचं?

पदार्थाचं नाव बदलायची गरज नाही. पण एखाद्या भाषेला ‘बोली’ म्हणताना दोनदा विचार करायला हवा. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपल्याकडेही वर्षानुवर्षं चालला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. ‘बोली’ म्हटलं की शाळा, पुस्तकं आणि वाहिन्यांची मागणी मागे पडते. त्यामुळे आपल्या भाषेला काय म्हणायचं, यात पहिला शब्द ती बोलणाऱ्यांचाच असला पाहिजे.