कट्ट्याला खिळे नकोत



परवा एका गावच्या विहारात बैठकीला गेलो होतो. जमाखर्च वाचून झाला आणि एका तरुणाने सूचना मांडली, "बाहेरच्या कट्ट्याला लोखंडी खिळे बसवू या. रात्री कोणीही येऊन झोपतं आणि सकाळी घाण आपल्या आयाबहिणींना काढावी लागते." पोराची तक्रार खोटी नव्हती. चारपाच जणांनी मानाही डोलावल्या. मला मात्र मसूरचे स्टेशन आठवले.

मसूर आपल्या उंब्रजच्या शेजारचेच. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि या स्टेशनावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर बाजूला झाले. गाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. वाटेत नाक्यावर कोणी पाणी दिले नाही. पाण्याविना जवळचे अन्न घशाखाली उतरेना. लेकरांनी ती रात्र उपाशीपोटी काढली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. ध्यानात घ्या, पाण्याबरोबर धर्मशाळाही होती. रात्री अंग टेकायची जागा हासुद्धा आपल्या लढ्याचा भाग होता. २० मार्च १९२७ ला महाडचे तळे चाखले ते याच हक्कासाठी.

मार्च २०१८ मध्ये मुंबईत एचडीएफसी बँकेच्या फोर्ट शाखेबाहेर असेच टोकदार खिळे बसवले होते. लोकांनी आवाज उठवताच ते काढावे लागले. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ साली सांगितले की, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण त्याच निकालात फुटपाथवर कायम राहायचा हक्क मात्र दिला नाही. म्हणून निवारा मागावा लागतो. शहरात एक लाख वस्तीमागे शंभर जणांचा निवारा हवा, हे सरकारी योजनेतच लिहिलेले होते. नगरसेवकाला जाब विचारायचा तो याबद्दल.

खिळ्याने घाण जात नाही, माणूस जातो. तोही कुठे जातो? पुढच्या दुकानाच्या पायरीवर. आणि तो बहुधा आपल्यासारखाच कोणीतरी असतो. ऊसतोडीला आलेला, घरातून काढलेला म्हातारा, नाहीतर दवाखान्यात आणलेल्या पेशंटचा नातेवाईक.

मी बैठकीत एवढेच बोललो. सगळ्यांना पटले असे नाही. पण खिळ्यांचा विषय मागे पडला. कट्ट्यावर एक दिवा लावायचा, पाण्याची घागर आणि झाडू ठेवायचा आणि आठवड्यातून दोन दिवस तरुणांनी पाळीने झाडायचे असे ठरले. बायकांनी नव्हे, तरुणांनी! पहिली पाळी त्या सूचना मांडणाऱ्या पोरानेच मागून घेतली.

बंधुभगिनींनो, आपल्या विहाराचा कट्टा आज रात्री जाऊन बघा. तिथे कोणी झोपले असेल तर आधी विचारा, "जेवलास का बाबा?"

जयभीम!