शेतीच्या सरकारी ॲपांमागील साधनांची माहिती एआय सहायकाला समजेल अशी लिहून काढण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त (कृषी), महाराष्ट्र राज्य, पुणे

मार्फत : मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, अमरावती

महोदय,

आम्ही वलगाव आणि पेढी नदीकाठच्या गावांतले शेतकरी. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही आमची पिके. मे २०२५ मध्ये शासनाने महाविस्तार-एआय ॲप सुरू केले. जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी देऊन पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. मराठीत प्रश्न विचारून हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला मिळण्याची सोय झाली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. त्या पैशातला थोडा भाग एका मागे राहणाऱ्या कामासाठी मागायला हे निवेदन देत आहोत.

एआय सहायकाला अमरावतीच्या बाजार समितीतला आजचा भाव आपोआप ठाऊक नसतो. तो भावाच्या, हवामानाच्या किंवा कीड सर्वेक्षणाच्या साधनाला, म्हणजे ती माहिती देणाऱ्या संगणकीय सेवेला, विचारतो. कोणते साधन केव्हा वापरायचे, त्याला काय द्यायचे, आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे तो त्या साधनासोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या पद्धतीतही प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि द्यायच्या माहितीचे रूप लिहिले जाते. गावात नवा सहायक कृषी अधिकारी आला तर जुन्या माणसांना विचारून चार दिवसांत शिकतो. यंत्राला ती सोय नाही. तलाठी आणि सेतू केंद्रावरचा मुलगा यांच्या डोक्यात जे आहे, ते कागदावर आले नाही तर यंत्रापर्यंत पोचणारच नाही.

सातबाऱ्यावर १.२० लिहिलेले असते, म्हणजे एक हेक्टर वीस आर. आम्ही बोलताना ‘तीन एकर’ म्हणतो. रकान्यापुढे नुसते ‘क्षेत्र’ लिहिले असेल तर तिथे ३ भरले जाईल आणि तीन हेक्टरांची नोंद होईल. आमच्यापैकी एकाचे एका ऑनलाइन अर्जात नेमके हेच झाले. तो अर्ज भरणारा तर शिकलेला माणूस होता.

सर्वांत मोठी काळजी फवारणीची आहे. शिफारशीतली मात्रा बहुधा दहा लिटर पाण्यासाठी आणि पाठीवरच्या साध्या पंपासाठी असते. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपासाठी ती तिप्पट करा, ही टीप तळाशी असते. साधन नुसता आकडा देत असेल आणि टीप वगळत असेल, तर एकीकडे फवारा वाया जाईल. दुसरीकडे तिप्पट विष साध्या पंपात पडेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली. ती आमच्यासारखीच कपाशीवाली माणसे होती. म्हणून औषधाच्या प्रत्येक आकड्यासोबत पाणी किती, पंप कोणता, पीक कोणते आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, हे जोडलेलेच असावे. त्यातले एक जरी नसेल तर सहायकाने मात्रा सांगू नये, असे वर्णनात स्पष्ट लिहावे. कीड सर्वेक्षणाचेही तसेच. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग ही धोक्याची पातळी धरतात. साधनाने नुसते ‘८’ कळवले, तर ते पतंग की टक्के की एका रात्रीचे, हे कसे समजणार?

‘काहीतरी चूक झाली’ हा संदेश बंद करावा. बाजार बंद होता, गट नंबर सापडला नाही किंवा आजची नोंद अजून आली नाही, ही वेगवेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकावर पुढची पायरी वेगळी. भावासोबत त्याची तारीख सक्तीची असावी, नाहीतर परवाचा भाव आजचा म्हणून सांगितला जाईल आणि गाडी भरून निघालेला शेतकरी फसेल. कोणते साधन फक्त माहिती दाखवते आणि कोणते नोंद बदलते, हेही लिहावे. ई-पीक पाहणी किंवा महाडीबीटीचा अर्ज यांसारख्या कामांत शेतकऱ्याला वाचून दाखवून त्याचा होकार घेतल्याशिवाय काहीही पाठवू नये.

आणखी एक गोष्ट बोलीची. ‘पऱ्हाटीचे पाते गळून ऱ्हायले, काय करा लागते?’ असे आमची माणसे विचारतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवला. ते आयुष्यभर याच बोलीत लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरे काढून घेत. साधनांच्या वर्णनात असे खरे प्रश्न नमुन्यादाखल असावेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पिकांचा भाग तपासावा, आणि दर हंगामाआधी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांसमोर या प्रश्नांची चाचणी व्हावी. तिला आम्ही येऊ, त्यासाठी भत्ता नको.

साधन बदलले की त्याच दिवशी वर्णन बदलण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर द्यावी, आणि सर्व वर्णने मराठीत खुली ठेवावीत, म्हणजे चूक दिसली तर आम्हाला आणि आमच्या शिकणाऱ्या मुलांना ती कळवता येईल.

येत्या खरिपाच्या पेरणीआधी निदान फवारणी आणि बाजारभाव या दोन साधनांचे काम पूर्ण करावे आणि या निवेदनाचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
वलगाव व परिसरातील शेतकरी
ता. व जि. अमरावती