यंत्र घरात, मालक परदेशात

छपाईशी नाशिकचे नाते जुने आहे. हिंदुस्थानची टपाल तिकिटे एके काळी लंडनच्या थॉमस डी ला रू या कंपनीकडून छापून येत असत. १९२५ साली नाशिकरोड येथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि हे परावलंबन संपले. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. टपाल तिकिटे, पारपत्रे आणि चलनी नोटा आजही नाशिकरोडच्या कामगारांच्या हातून तयार होतात. राष्ट्राच्या व्यवहाराचा कागद राष्ट्राच्या मालकीच्या यंत्रावर छापला जावा, या तत्त्वाविषयी आज कोणी शंका घेत नाही.

त्याच नाशिकमध्ये, सिडकोतील दोन खोल्यांच्या घरांपासून कॉलेज रोडवरील सदनिकांपर्यंत, आता घरोघरी एक छोटा छापखाना येऊन बसला आहे. त्याचे नाव प्रिंटर. या छापखान्याविषयी मात्र मालकीचे तत्त्व कोणी विचारात घेत नाही. काल संध्याकाळी निमूटपणे कागद छापून देणारे हे यंत्र आज सकाळी ‘ऑफलाइन’ असल्याचे सांगते. दिवा लागलेला असतो, कागद भरलेला असतो, शाई असते. संगणकाला मात्र यंत्र सापडत नाही. घरातील मुलगा ते दोनदा बंद करून चालू करतो, मग शेजारच्या जाणत्याला हाक जाते आणि अखेरीस पेन ड्राइव्ह खिशात घालून झेरॉक्सचे दुकान गाठले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस असेल, तर या धावपळीची किंमत केवळ पाच-दहा रुपये राहत नाही.

ही घरगुती कटकट आहे, राजकीय पक्षाच्या साप्ताहिकात तिला स्थान कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. त्याचे उत्तर शासनाच्या बदललेल्या कारभारात आहे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला; दाखले आणि परवाने ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. अर्ज संगणकावर आले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या दारात ताटकळणारा शेतकरी त्या जाचातून काही अंशी सुटला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु या सुधारणेच्या पोटात दुसरा एक बदल झाला. पूर्वी कागद, शाई आणि यंत्र सरकारी कचेरीचे असे. आता ते नागरिकाचे झाले. दाखला पडद्यावर दिसला की शासन आपले कर्तव्य संपले असे मानते. बँक, शाळा आणि कचेरीची खिडकी मात्र अनेक ठिकाणी अजून कागदच मागते. या दोहोंमधील खाईवर पूल म्हणून उभा आहे तो घरातला किंवा दुकानातला प्रिंटर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा स्वाध्यायाची पानेही याच पुलावरून गेली. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते आणि ज्यांच्या घरचे यंत्र ऐन वेळी जोडले जात नव्हते, ती मुले सारखीच मागे राहिली.

आता हे यंत्र वारंवार तुटते का, ते पाहू जाता गूढ असे काही आढळत नाही. घरातील राउटर हा एका चाळीच्या व्यवस्थापकासारखा असतो. मोबाईल, संगणक, प्रिंटर अशा प्रत्येक यंत्राला तो एकेक खोली, म्हणजे एकेक पत्ता, काही मुदतीसाठी देतो. संगणकशास्त्रातही या व्यवस्थेला भाडेपट्टा हाच शब्द आहे. वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला किंवा मुदत संपली, की प्रिंटरला दुसरी खोली मिळण्याचा संभव असतो. संगणक हा जुन्या पोस्टमनप्रमाणे जुन्याच खोलीचे दार ठोठावीत राहतो. दुसरे कारण लहरींचे आहे. आजचे राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. पुष्कळसे स्वस्त प्रिंटर त्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. दोहोंना एकच नाव दिलेले असले, की पहिल्या जोडणीतच गोंधळ उडतो. तिसरे कारण झोपेचे. वीज वाचविण्यासाठी पेंगलेले यंत्र हाक आली असता वेळेवर जागे होत नाही.

उपायही गूढ नाहीत. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवता येतो. म्हणजे भाडेकरूला कायमच्या कुळाचा हक्क मिळतो आणि वीज कितीही वेळा गेली तरी त्याची खोली बदलत नाही. संगणकाने प्रिंटर खोलीच्या क्रमांकावरून न शोधता नावावरून शोधावा, अशी सोयही बहुतेक नव्या यंत्रांत असते. जवळच ठेवणे शक्य असेल तर साधी तार लावणे सर्वांत भरवशाचे. दहा मिनिटांचे हे ज्ञान आहे. मग ते घरोघरी का पोचले नाही? कारण ते पोचविण्यात कोणाचा लाभ नाही आणि न पोचविण्यात पुष्कळांचा आहे. यंत्र खोक्यातून काढल्याबरोबर ग्राहकाच्या हाती पडते ते कंपनीचे अॅप, आणि ते अॅप प्रथम विचारते ते त्याचे नाव, ईमेल आणि संमती. स्वतःच्या घरातील दोन यंत्रे एकमेकांशी बोलावीत, यासाठी परदेशातील तिसऱ्याची अनुमती घ्यावी लागते, याइतकी विपरीत गोष्ट दुसरी नसेल.

ही कल्पनेची भरारी नव्हे. २०२० साली एचपी कंपनीने ‘एचपी प्लस’ नावाची योजना काढली. तिच्यातील ग्राहकाने कंपनीकडे खाते उघडावे, प्रिंटर सतत इंटरनेटशी जोडलेला ठेवावा आणि त्या यंत्रात जन्मभर कंपनीचीच शाई वापरावी, अशा अटी तिला होत्या. घरातील नेटवर्क उत्तम चालत असले तरी बाहेरच्या जगाशी असलेली नाळ तोडावयाची नाही, असा याचा अर्थ. याच कंपनीच्या अनेक प्रिंटरांनी सप्टेंबर २०१६ मध्ये इतरांनी बनविलेली कार्ट्रिजे नाकारण्यास प्रारंभ केला होता. यंत्र तेच होते, घर तेच होते; आतील प्रणालीत बदल झाला आणि काल चालणारी शाई आज अवैध ठरली. ओरड झाल्यावर कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, परंतु धोरण तिने सोडले नाही. यंत्र स्वस्त विकावयाचे आणि शाईवर नफा कमवावयाचा, हा या धंद्याचा पाया आहे. पूर्वी विक्रीनंतर वस्तूवरील विक्रेत्याची सत्ता संपत असे. नेटवर्कमुळे ती विक्रीनंतर सुरू होते. सावकाराने गाय विकावी आणि दावे स्वतःच्याच हाती ठेवावे, तसा हा व्यवहार आहे.

याविरुद्धचा लढाही प्रिंटरपासूनच सुरू झाला, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असावे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेसर प्रिंटर आला. तो दुसऱ्या मजल्यावर असो की शेजारच्या खोलीत, कागद अडकला तर छापणाऱ्याला पत्ता लागत नसे. जुन्या यंत्राच्या प्रणालीत रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने सुधारणा करून ही सूचना पडद्यावर येण्याची सोय केलेली होती. नव्या यंत्राची प्रणाली मात्र त्याला पाहावयासही मिळाली नाही. ज्याच्यापाशी ती होती, त्याने गुप्ततेचा करार पुढे करून ती देण्याचे नाकारले. सहकाऱ्याला मदत करणे हा करारभंग ठरतो, ही गोष्ट स्टॉलमन यांना सहन झाली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जगभर पसरली. केरळमधील सरकारी शाळा आज ज्या मुक्त प्रणालीवर शिकवितात, ती याच चळवळीचे फळ आहे.

या चळवळीच्या बरोबरीने आणखी एक कार्य झाले. संगणकाने प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलावे याचे नियम सर्वांसाठी खुले असावेत, म्हणून इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक आले. त्यानुसार बनलेल्या प्रिंटरला कंपनीचे ड्रायव्हर लागत नाही, अॅप लागत नाही, खाते लागत नाही. घरातल्या घरात संगणक त्याला नावाने हुडकतो आणि कागद छापतो. म्हणजे तंत्राचा प्रश्न सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न सत्तेचा आहे. तंत्र खुले असूनही ग्राहकाला अॅपच्या दारातूनच आत नेले जाते. हे दार मालकाच्या लहरीवर किती अवलंबून असते, त्याचेही उदाहरण ताजे आहे. गुगल कंपनीची ‘क्लाउड प्रिंट’ सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तिच्याद्वारे छापणाऱ्या घरांना आणि शाळांना दुसरी वाट शोधावी लागली. प्रिंटर शाबूत होते, विकत घेतलेले होते. तुटला तो परक्याचा पूल.

समाजवादी वर्तुळातूनच एक आक्षेप येतो, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. निफाड आणि दिंडोरीचा द्राक्षबागायतदार अवकाळी पावसाने हवालदिल होतो, सातपूर-अंबडचा कंत्राटी कामगार किमान वेतनासाठी झगडतो, अशा काळात मध्यमवर्गाच्या प्रिंटरचे रडगाणे कशाला, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात. आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो नवे यंत्र घेतो किंवा तंत्रज्ञाला बोलावतो. बंद पडलेला प्रिंटर खऱ्या अर्थाने जाचतो तो तहसील कचेरीबाहेर अर्ज भरून देणाऱ्या तरुणाला, शिवणकाम करून मुलीच्या शिक्षणासाठी हप्त्यावर यंत्र घेतलेल्या विधवेला, गावातल्या एकमेव सेवा केंद्रावर सकाळपासून रांग लावून बसलेल्या शेतमजुराला. पीकविम्याचा कागद, किमान वेतनाची तक्रार, न्यायालयाची नोटीस, हे सर्व अखेर कोठल्या तरी प्रिंटरमधूनच बाहेर पडते.

शिवाय हा विषय समाजवादी विचाराला परका नाही. १९२४ साली यंत्रांविषयी प्रश्न विचारला असता गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि असे यंत्र बनविणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत, असेही त्याच वेळी सांगितले होते. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो सामान्य माणसाच्या हाती उत्पादनाचे बळ यावे म्हणून. घरातला प्रिंटर आकाराने त्या छोट्या यंत्राच्या वर्णनात बसतो. परंतु यंत्र आकाराने छोटे असून भागत नाही. त्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. सिंगरचे यंत्र बाईच्या हाती आल्यावर दोऱ्याचे रीळ कोणत्या कंपनीचे आहे हे तपासून ते थांबत नसे.

बाजारवादी मंडळींचे म्हणणे असे, की ग्राहकाला पसंत नसेल तर त्याने दुसरा प्रिंटर घ्यावा. दुकानात उभा असलेला ग्राहक खोक्यावरील चित्रावरून आतील बंधने ओळखणार कसा? आणि विकत घेतल्यानंतर प्रणाली बदलून नवी अट घातली जात असेल, तर निवडीला अर्थ काय? दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. जोडलेल्या यंत्रात दोष राहतात आणि ते वेळोवेळी दुरुस्त व्हावे लागतात, हे खरे आहे. पण दोष दुरुस्त करण्याच्या निमित्ताने शाईवर पहारा बसविणे, हे कुलूप दुरुस्त करावयास आलेल्याने तिजोरीची किल्ली नेण्यासारखे झाले. भांडवलशाहीच्या माहेरघरीही हे सगळे मान्य झालेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या कार्ट्रिजविषयीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की वस्तू एकदा विकल्यावर पेटंटच्या जोरावर तिच्या पुढील वापरावर नियंत्रण ठेवता येत नाही.

भारतात पायाभूत काम झालेले आहे. उणीव आहे ती इच्छेची आणि रेट्याची. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्येच जाहीर केले. दुरुस्तीच्या हक्काविषयी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटवरील भेदभावी दरांना मनाई केली, ती लाखो नागरिकांनी पत्रे लिहिल्यानंतर. जनमताचा रेटा असला की तांत्रिक म्हणून टाळलेला प्रश्नही निकालात निघतो, हा त्या लढ्याचा धडा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. राज्य शासन, नाशिक महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी खरेदी करावयाचा प्रत्येक प्रिंटर खुल्या मानकानुसार, खात्यावाचून आणि इंटरनेटवाचून स्थानिक नेटवर्कवर चालणारा असावा. सार्वजनिक पैशाचा हा नियम झाला की कंपन्यांना बाजारातील यंत्रांचाही विचार करावा लागेल. यंत्राला खाते, इंटरनेट अथवा विशिष्ट शाई लागते काय, हे खोक्यावर मराठीत छापण्याची सक्ती व्हावी. विक्रीनंतर नवी अट लादणे हा अनुचित व्यापार ठरावा. आणि ज्या दाखल्याला डिजिटल स्वाक्षरी आहे, त्याची कागदी प्रत मागण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला नसावा. मागावयाचीच असेल तर कचेरीने ती आपल्या यंत्रावर विनामूल्य छापून घ्यावी.

मागण्यांबरोबर विधायक कामही हवे. प्रत्येक वॉर्डातील वाचनालयात वा पक्षाच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखता येईल. राउटरमध्ये पत्ता कसा राखावा, यंत्र योग्य लहरीवर कसे आणावे, अॅपवाचून जोडणी कशी करावी, हे चार तरुणांनी शिकून चाळीस घरांना शिकवावे. दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा कागद वेळेवर निघाला, तर मालकीच्या प्रश्नावरील व्याख्यान ऐकण्यासही तो तयार होईल.

१९४८ च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला तो याच नाशिकमध्ये. राजकीय सत्ता आली म्हणजे स्वातंत्र्य पुरे झाले असे नव्हे, उत्पादनाच्या साधनांवर जनतेचा हक्क आला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. साधने बदलली आहेत. ती आता गिरणीच्या फाटकाआड नाहीत, घरातल्या टेबलावर आहेत. त्यांचा मालक मात्र पूर्वीपेक्षाही दूर गेला आहे. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या कामगाराच्या मुलाला शाळेचा एक दाखला स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर, कोणाची परवानगी न घेता छापता येईल, तेवढ्यापुरता तरी तो हक्क मिळविणे हे पुढील काळाचे काम आहे.