प्रत्येक वस्तूला रिझर्व्ह पाहिजे



आमच्या आप्पांची मोटारसायकल फार जुनी आहे. सकाळी ती सुरू करायला पाच-सहा किका माराव्या लागतात. आवाज तर एवढा की आप्पा ओढ्याच्या पलीकडे असतात तेव्हाच आज्जी चहाचे आधण ठेवते. पण त्या गाडीत एक गोष्ट आहे ती पुष्कळ नव्या वस्तूंत नाही. ती गोष्ट म्हणजे रिझर्व्ह.

ज्यांच्या घरी जुनी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोलच्या टाकीखाली एक कॉक असतो. टाकीच्या आत त्याच्या दोन वाटा असतात. एक उंच नळीतून आणि एक अगदी बुडातून. समजा रांजणाला दोन तोट्या आहेत, एक जरा वर आणि एक तळाशी. वरच्या तोटीचे पाणी थांबले तरी तळाशी थोडे शिल्लक असतेच. तसेच हे. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेले की गाडी खोकते आणि बंद पडायला लागते. मग आप्पा हात खाली घालून कॉक फिरवतात आणि गाडी परत चालायला लागते. तेवढ्यात आम्ही पेट्रोल पंपावर किंवा घरी पोचतो. याला ना सेल लागतो ना वायर.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या थंडीत आमच्या गव्हाला पाणी द्यायचे होते. त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची होती. आप्पा जेवून दारं धरायला गेले. सोबत नवी बॅटरी आणि मोबाईल. बॅटरी म्हणजे हातात धरायची, चार्जिंगची. उजेड एवढा लख्ख की आंब्याच्या शेंड्यावरचे पाखरू दिसावे. मध्यरात्री आप्पा उसाच्या कडेने बांधावरून चालले होते तेव्हा ती बॅटरी फट्कन बंद झाली. आधी मंद नाही, लुकलुकली नाही. एकदम काळोख. आप्पांनी मोबाईलची बॅटरी लावायला खिशात हात घातला, तर मोबाईलही मेलेला. त्या बांधावर चारच दिवसांपूर्वी नानांना घोणस दिसली होती.

आप्पा एका जागी उभे राहिले. मग पाय आपटत, चाचपडत मोटारीच्या खोलीपर्यंत आले आणि पायरीवर बसून राहिले. इकडे आई फोन लावत होती आणि फोन बंद येत होता. शेवटी आईने नानांना उठवले आणि नाना कंदील घेऊन शेतात गेले. तोवर मी आज्जीच्या गोधडीत जागीच होते, कारण मोबाईल कुणामुळे मेला ते मला माहीत होते. संध्याकाळी मी त्याच्यावर गेम खेळत होते. थोडेच चार्जिंग उरले आहे असा मेसेज आला होता. तो मी बोटाने बाजूला सारला आणि पुढे खेळले.

नंतरच्या बाजाराच्या दिवशी आप्पांनी ती बॅटरी दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. मी पण गेले. काकांनी ती उघडून आतला लिथियमचा सेल दाखवला. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्ट असतो. फार उतरला तर तो कायमचा खराब होतो, म्हणून साधारण ३ व्होल्टच्या आसपास आला की आतले छोटे सर्किट त्याला बंद करते. काका म्हणाले, "बिघाड काही नाही, तिने आपले काम केले."

मला हे ऐकून रागच आला. म्हणजे सेल संपत आला हे त्या सर्किटला कळते! मग ते आपल्याला का सांगत नाही? आमच्या घरी जुनी दोन सेलांची पत्र्याची बॅटरी आहे. तिचा उजेड कमी, पण संपत आली की ती पिवळी पडते, मग लाल होते. माणूस घरी येईपर्यंत कशीबशी साथ देते. आज्जी ते सेल उन्हात ठेवायची, की अजून दोन दिवस चालायचे. जुन्या वस्तूला काही कळत नव्हते तरी ती सांगत होती. नवीला कळते तरी ती सांगत नाही. म्हणून माझे मत असे आहे की बॅटरीला रिझर्व्हचे लाल बटण पाहिजे. सेलचा थोडा भाग राहिला की तिने बंद पडावे. मग आपण लाल बटण दाबावे आणि तिने बारीक उजेड द्यावा. लख्ख नको, पायापुरता पुरे. बारीक उजेडाला वीज कमी लागते, म्हणून उरलेला सेल पुष्कळ वेळ पुरेल.

माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "त्यापेक्षा काटा लाव, किती उरले ते दिसेल." मी त्यावर विचार केला. काटा चांगलाच आहे. पण मोबाईलने तर सांगितले होते! त्याने मला सांगितले, आप्पांना नाही. आणि आमच्या आज्जीला मोबाईलवरचे ते बारीक इंग्रजी अक्षर वाचताच येत नाही. नुसते सांगून भागत नाही, थोडे राखून ठेवले पाहिजे. मोबाईलमध्ये शेवटचे दहा टक्के फक्त फोन लावायला आणि उजेडाला असावेत. गेम आणि व्हिडिओ तिथे बंद म्हणजे बंद. काही मोबाईलांत बॅटरी वाचवायची सोय असते, पण ती शोधून चालू करावी लागते आणि पाहिजे तेव्हा काढताही येते. मी तर नक्कीच काढली असती.

गॅसच्या टाकीचेही तेच. १४.२ किलोची टाकी आणि आत किती उरला ते बाहेरून काही कळत नाही. आमचा गॅस पाहुणे आले की संपतो. कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यामुळे टाकी वजनकाट्यावर ठेवली तर हिशेब निघतो, पण रोज टाकी कोण उचलणार? आई ओले फडके फिरवते. जिथवर गॅस आहे तिथले पाणी उशिरा वाळते. गुरुजींनी सांगितले की २०२१ साली इंडेनची नवीन टाकी निघाली, ५ आणि १० किलोची. ती पोलादाची नाही आणि आत गॅस कुठवर आहे ते बाहेरून अंधुक दिसते. हे मला फार आवडले. मात्र रिझर्व्ह तिलाही नाही. आज्जी म्हणते, "माझं रिझर्व्ह परड्यात हाय," म्हणजे चूल आणि गोवऱ्या.

गाडीच्या रिझर्व्हमध्येसुद्धा एक खोट आहे, ती लपवणार नाही. पेट्रोल भरले की कॉक परत जागेवर फिरवावा लागतो. एकदा आप्पा ते विसरले. मग गाडी खोकली तेव्हा खाली काहीच शिल्लक नव्हते आणि आम्ही दोघांनी तालुक्याच्या रस्त्यावर गाडी ढकलली. चढ होता. म्हणून माझ्या बॅटरीचे लाल बटण असे पाहिजे की चार्जिंगला लावले की ते आपोआप वर यावे. माणूस विसरतो हे बनवणाऱ्याने आधीच धरून चालावे.

आप्पा मला रागावले नाहीत. मोबाईलचे मी आठ दिवसांनी सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आता रात्री जाताना तूच बघून दे." तेव्हापासून रात्रीची लाईट असली की मोबाईल किती भरला ते मी बघते आणि पत्र्याची बॅटरी दुसऱ्या खिशात घालून देते. ती जड आहे, आप्पा कुरकुर करतात.

खाली मी लाल बटणाच्या बॅटरीचे चित्र काढले आहे. बटण मुद्दाम मोठे आणि खडबडीत काढले आहे, म्हणजे अंधारात अंगठ्याला सापडेल. आतले सर्किट कसे जोडायचे ते मला येत नाही. पालकांपैकी कोणाला येत असेल तर त्यांनी शाळेत येऊन सांगावे. आमची नवी बॅटरी मी उघडायला देईन, आप्पांना विचारले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी