लेथवर जाणाऱ्या पोराला हातमोजे देऊ नका

मी कॅज्युअल्टीत ड्युटीला असताना एक पोरगा आला होता. लेथवर हेल्पर. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. त्याची आई रडत एकच म्हणत होती, "सिस्टर, मी तर त्याला नवे हातमोजे घेऊन दिले होते!"

त्या माऊलीला कुणी सांगितलंच नव्हतं. फिरत्या जॉबमध्ये हातमोज्याचा एक धागा अडकला की मशीन अख्खा हात ओढून घेतं. मशीन बंद असताना गरम जॉब उचलायला हातमोजे चालतात. चक फिरत असताना कधीच नाही. मनगटाचा दोरा, लांब बाही, गळ्यातली साखळी, सगळ्याचं तेच.

अपघात झाला की मालक म्हणतो, "पोरगा बेफिकीर होता." मला हे पटत नाही. जॉब कसा धरायचा हे धड शिकवलंच नाही, तर दोष कुणाचा?

म्हणून घरातल्यांनीच पोराला विचारावं. जॉब चकमध्ये पुरेसा आत बसतो का? गोल जॉबला तीन जॉचा चक चालतो, कारण त्याचे जॉ एकदम सरकतात. वेडावाकडा जॉब चार जॉच्या चकमध्ये धरतात. तिथं प्रत्येक जॉ वेगळा सरकवायचा, डायल लावून चक हातानं फिरवायचा आणि समोरासमोरच्या रीडिंगमध्ये जेवढा फरक, त्याच्या निम्मं सरकवायचं. याला वेळ लागतो. "चालू दे रे" म्हणून घाई केली तर सेंटर सोडून फिरणारा जड जॉब थरथरतो, सैल होतो आणि अंगावर उडतो.

जॉब त्याच्या व्यासाच्या साधारण तिपटीहून जास्त बाहेर असेल, तर टेलस्टॉकचा आधार हवा. मशीनच्या मागून बाहेर आलेला लांब बार वेगात वाकून चाबकासारखा फिरतो. आणि चकची चावी! ती चकमध्ये आहे तोवर हात तिच्यावरून काढायचा नाही. विसरून मशीन चालू केलं, तर ती दगडासारखी भिरकावली जाते. लोखंडाचा चुरा काढायचा तर मशीन बंद करून, ब्रशनं, हातानं नाही.

डायल, चष्मा, चालू स्थितीतलं स्टॉप बटण आणि शिकवायला वेळ हे मालकाचे उपकार नव्हेत. पोरांनी एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून मागावं.

तरीही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबा, हात वर धरा. हळद-चुना लावू नका. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. लगेच दवाखाना गाठा.

ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात कामावरच्या अपघाताचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो. पोराचं कार्ड निघालंय का, हे आजच विचारा. बोटं गेल्यावर विचारून काय उपयोग?