सुप्याला अडलेला मोर्चा

मुलामुलींनो, राळेगणसिद्धीहून नगरला निघालं, की वाटेत सुपे लागतं. परवा वर्गात 'मोर्चा' हा शब्द आला, तेव्हा मी या सुप्याचीच गोष्ट सांगितली.

शनिशिंगणापूर तुम्हांला ठाऊक आहेच. तिथे शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, अशी जुनी रूढी होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई चढली, तर नंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण केलं गेलं! अनेकींना हे फार लागलं. २६ जानेवारी २०१६ रोजी, ऐन प्रजासत्ताकदिनी, भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांच्यासोबत शेकडो बायका पुण्याहून निघाल्या. पण सुप्याला पोलिसांनी त्यांना अडवलं. शिंगणापूर अजून सुमारे ७० किलोमीटर लांब होतं. काहीजणी रस्त्यावरच आडव्या झाल्या, तरी पुढे जाता आलं नाही.

"म्हणजे बाई, त्या हरल्या?" एका मुलीनं विचारलं.

थांब जरा, म्हटलं. 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या संस्थापक-संपादक विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सार्वजनिक देवळात जाण्यापासून कुणाला अडवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा आपल्याकडे १९५६ पासूनच आहे. साठ वर्षं तो पुस्तकात होता, चौथऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता! १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयानं सांगितलं, की हा कायदा सरकारनं पाळून घ्यावा. दुसऱ्याच दिवशी बायका पुन्हा गेल्या. या वेळी गावकऱ्यांनी अडवलं. रूढी मोडू नये असं वाटणाऱ्यांत गावातल्या बायकाही होत्या बरं का! शेवटी ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा सर्वांना खुला केला.

"आता सांग, हरल्या का?"

ती म्हणाली, "नाही बाई. त्या सुप्याला थांबल्या, पण घरी गप्प नाही बसल्या."

चौथऱ्यावर जायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण 'तू मुलगी आहेस म्हणून नको', असं दुसऱ्यानं सांगणं वेगळं.

आता या आठवड्याचा अभ्यास. आईला आणि आजीला विचारा, "लहानपणी तुला कुठे कुठे 'तू नको' म्हणाले?" ऐकून वहीत लिहा. मुलग्यांनीही लिहायचं हं! आणि पालकहो, उत्तर टाळू नका. मुलं वाट बघत असतील.