कॅसिनोला एकदा, टोटला दरवेळी

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी कौन्सिलची छप्पन्नावी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून रेसच्या पैजेवरचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. मध्ये मिळाले एकोणीस दिवस. पुण्याचा सीझन उताराला लागलेला, मुंबईचा तोंडावर आलेला, प्रॉस्पेक्टस छापून तयार. त्याच बैठकीत आणखी एक निर्णय झाला, त्याकडे मात्र आपल्यापैकी फारशांचे लक्ष गेलेले दिसत नाही. जिवंत घोड्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे घोडा स्वस्त आणि रेस महाग. घोडा खुशाल घ्या, त्याला ओट्स आणि लसूणघास खाऊ घाला, खरारा करा, फक्त धावायला तेवढे लावू नका, असा हा सल्ला दिसतो.

गेल्या महिन्याभरात आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. त्यांतले एक पत्र पुण्याजवळच्या एका छोट्या स्टडच्या मालकांचे आहे. येत्या फेब्रुवारीत घोड्या कव्हर करून घ्यायच्या की नाही, एवढेच त्यांनी विचारले आहे. प्रश्न दोन ओळींचा असला तरी हिशेब पाच वर्षांचा आहे. २०२६च्या वसंतात घोडी भरली तर शिंगरू २०२७ साली पडणार, २०२९ साली ते दोन वर्षांचे म्हणून ट्रॅकवर येणार आणि नशिबाने साथ दिलीच तर फेब्रुवारी २०३१ मध्ये महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या गेटात उभे राहणार. इतक्या लांब पल्ल्याच्या धंद्याचे गणित तीन आठवड्यांच्या आत उलटेपालटे करणाऱ्यांना घोडी किती महिने गाभण राहते हे तरी ठाऊक असेल का, अशी शंका येते.

पण आज आम्हाला दराबद्दल रडायचे नाही. ते सगळ्यांनी केले आहे. ४० टक्के कॅसिनोलाही आहेत, लॉटरीलाही आहेत, आणि ‘सिन गुड्स’च्या पंगतीतून आपले पान इतक्यात उचलले जाईल असे कोणी समजू नये. घोडे पेंड खाते ते दरात नव्हे, नियमात. सीजीएसटी नियमावलीतला ३१ए आणि ३१सी हे दोन नियम शेजारी ठेवून वाचा.

३१ए च्या तिसऱ्या पोटनियमानुसार रेस क्लबातल्या पैजेचे मूल्य म्हणजे पैजेच्या दर्शनी रकमेच्या किंवा टोटलायझरमध्ये, म्हणजे टोटमध्ये, भरलेल्या रकमेच्या शंभर टक्के. ३१सी कॅसिनोसाठी आहे. त्यानुसार खेळाडूने चिप्स, टोकन घेताना जे पैसे मोजले तेवढ्यावरच कर. पुढे जिंकलेली रक्कम काढून न घेता त्याच टेबलावर किंवा शेजारच्या टेबलावर पुन्हा लावली, तर तिच्यावर पुन्हा कर नाही. ऑनलाइन गेमिंगसाठी केलेल्या ३१बी मध्येही हीच सवलत होती. म्हणजे मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोत एखाद्याने रात्रभर रूलेट खेळले तरी कर एकदाच, दारात. पैज लावणारा आपला पंटर मात्र पहिल्या रेसच्या विनचे पैसे घेऊन दुसऱ्या रेसच्या खिडकीवर गेला की पुन्हा कर, तिसऱ्या रेसला पुन्हा कर. आणि घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सांगून ठेवले आहे. रूलेटबद्दल तसे अजून कोणी म्हटलेले नाही.

याचा परिणाम किती होतो, ते आकड्यांत पाहू. क्लबची कपात समजा २० टक्के धरू. पूल आणि क्लबप्रमाणे ती बदलते, पण तत्त्व बदलत नाही. पंटर १४०० रुपये घेऊन आला. पहिल्या रेसला १००० लागले, ४०० कर गेला. सरासरीने ८०० परत आले. त्यातून दुसऱ्या रेसला ५७१ लागले, २२९ कर. परत आले ४५७. तिसऱ्या रेसला ३२७ लागले, १३१ कर. तीन रेस संपल्या तेव्हा खिशात उरले २६१. सरकारकडे गेले ७५९, क्लबला मिळाले ३८०. कार्डावर अजून निम्म्याहून जास्त रेस शिल्लक आहेत आणि हा माणूस गेटाकडे निघाला आहे.

आता हाच पंटर कॅसिनोच्या नियमाने खेळला असे धरा. दर तोच ४०, पण एकदाच. ४०० गेले, १००० लागले, मग ८००, मग ६४०. तीन रेसनंतर हातात ५१२. क्लबला मिळाले ४८८. तो चौथ्या रेसचे कार्ड उघडून बसतो.

यावर मंत्रालयातला कुठलाही बाबू लगेच म्हणेल, ‘अहो, पण तिजोरीला ७५९ च्या जागी ४०० मिळाले.’ बरोबर आहे. मात्र ते ७५९ मिळतात पंटर खिडकीवर आला तरच. समोर बेकायदा बुकी आहे. तो जीएसटी लावत नाही, टीडीएस कापत नाही, उधारी देतो आणि भाव फोनवर सांगतो. दोन पंटरांपैकी एक जरी त्याच्याकडे वळला, तर सरकारच्या हाती दोघांचे मिळून ७५९ येतात. दारात एकदाच कर घेतला असता आणि दोघेही राहिले असते, तर ८०० आले असते. हे त्रैराशिक सातवीतला मुलगा सोडवील. ज्यांनी ते सोडवायचे ते मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात गुंतले आहेत.

टीडीएसची कथा याहून वेगळी नाही. १ एप्रिल २०२५ पासून १०,००० रुपयांची मर्यादा एकेका व्यवहाराला लागू झाली, ही जरा बरी सुधारणा. पण त्यापुढच्या जिंकीवर ३० टक्के कापले जातात आणि हरलेल्या तिकिटांची वजावट मिळत नाही. दिवसभरात हरलेला माणूसही एक जॅकपॉट लागला म्हणून ‘उत्पन्नवान’ ठरतो. मालकांसाठी तर खास कुंपण आहे. घोडे पाळण्यातला तोटा फक्त घोडे पाळण्याच्याच उत्पन्नातून वळता करायचा आणि तोही चार वर्षांच्या आत. मघाची पाच वर्षांची साखळी आणि ही चार वर्षांची मुदत शेजारी ठेवून बघा.

कर कुठे बसवायचा याची उत्तरे जगाने कधीच शोधून ठेवली आहेत. ब्रिटनने ऑक्टोबर २००१ मध्ये पंटरच्या पैजेवरचा कर काढून टाकला आणि बुकमेकरच्या सकल नफ्यावर १५ टक्के लावला. हाँगकाँगने २००६ साली उलाढालीवरचा कर सोडून सकल नफ्यावर कर घेतला. तो दर ७० टक्क्यांच्या वर आहे, तरीही घसरत चाललेली उलाढाल पुन्हा चढू लागली. म्हणजे कर कमी करा असे कोणी म्हणत नाही, जिथे पैसा उरतो तिथे तो घ्या एवढेच मागणे आहे. दुसऱ्या बाजूची उदाहरणेही ताजी आहेत. मकावची रेस एप्रिल २०२४ मध्ये थांबली. सिंगापूरने ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची रेस घेतली. आपल्याकडे चेन्नईत सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने लीज रद्द करून गिंडीची १६० एकर जमीन ताब्यात घेतली. महालक्ष्मीच्या २११ एकरांतली १२० एकर उद्यानासाठी गेली, उरलेल्या ९१ एकरांवर क्लब आहे. शहरातल्या मोक्याच्या जमिनीवर डोळा सगळ्यांचाच असतो, आणि स्टँड रिकामे दिसू लागले की तो डोळा अधिक मोठा होतो.

इथवर सरकारचे माप झाले. आता आपल्या घराकडे वळू, कारण ३१ए बदलला नाही याचे अर्धे श्रेय आपल्याला आहे.

बेंगळुरू टर्फ क्लब कोर्टात गेला. जून २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कर फक्त क्लबच्या कमिशनवर, असे सांगून ३१ए चा हा पोटनियम रद्दबातल ठरवला. त्या वेळी आपण पेढे खाल्ले आणि झोपलो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदाच बदलला, पूर्ण रकमेवर कर पक्का झाला. त्याच सुमारास कॅसिनोच्या बाजूने गोवा आणि सिक्कीम कौन्सिलमध्ये बोलत होते. पूर्ण माफी त्यांना मिळाली नाही, पण ३१सी मिळाला. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, पश्चिम बंगाल आणि तामिळनाडू या पाच राज्यांत मोठे रेसकोर्स आहेत. त्यांपैकी एकाच्याही अर्थमंत्र्याने रेससाठी असा शब्द टाकल्याचे ऐकिवात नाही. का टाकावा? त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही. प्रत्येक टर्फ अथॉरिटी स्वतःचे निवेदन घेऊन दिल्लीला वेगळी गेली आणि तेही निर्णय झाल्यावर. वरातीमागून घोडे नाचवण्याची ही हौस आपल्याइतकी कोणाला परवडत नसेल.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ‘पंटरच्या हातातली पाचशेची नोट घरून आणलेली की मागच्या रेसमध्ये जिंकलेली, हे आम्ही कसे ओळखायचे?’ असे अधिकारी विचारतात, आणि हा प्रश्न वाजवी आहे. उत्तर एकच: कार्ड. गेटावर पैसे भरा, कर तिथेच कापला जाईल, जिंकलेली रक्कम कार्डावर जमा होईल, पुढच्या तिकिटाला कर नाही. कार्ड परत देताना उरलेले पैसे घेऊन जा. यात अवघड तंत्रज्ञान काही नाही. मुंबईत मेट्रोचे कार्ड भाजी आणायला निघालेली माणसेही वापरतात. तरीही आपल्या खिडक्यांवर अजून मुख्य व्यवहार रोखीचा आणि कागदी तिकिटाचा. कार्डाचा विषय निघाला की काही सभासद चुळबुळ करतात. कारण उघड आहे. कार्डावर नाव येते, पॅन येतो, मोठी जिंक चार नावांवर वाटून घेता येत नाही. अशांनी ४० टक्क्यांविरुद्ध गळा काढू नये.

आणि जे मेंबर्स स्टँडमध्ये बसून, समोर घोडे पॅडॉकमध्ये फिरत असताना, कानाला फोन लावून बाहेरच्या बुकीकडे भाव घेतात, त्यांच्याबद्दल काय लिहावे? स्टेक मनी, म्हणजे बक्षिसाची रक्कम, टोटमधून येते हे त्यांना ठाऊक आहे. आपला घोडा जिंकला की कमी स्टेकबद्दल आरडाओरड करण्यात तेच पुढे असतात. आडातले पाणी स्वतः उपसून बाहेर ओतायचे आणि पोहरा रिकामा आला म्हणून रहाटाला शिव्या द्यायच्या, हा उद्योग आता पुरे.

टोट आटला की आधी स्टेक आटते, मग ट्रेनरचे बिल थकते, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जोरात मार बसतो तो मोतद्दाराला. पहाटे चारला थानातली लीद काढणारा, घोड्याचे पाय चाचपून ‘आज डावा गरम लागतोय’ असे व्हेटच्या आधी सांगणारा हा माणूस. त्याच्या मागे रायडिंग बॉय, नालबंद, खोगीर शिवणारा, आणि पुण्याच्या आसपास स्टडना लसूणघास पुरवणारा शेतकरी. यांचा पगार आणि यांची बिले ४० टक्क्यांच्या चर्चेत कुठेच येत नाहीत. त्याला जबाबदार आपण. आपल्या धंद्यावर किती चुली पेटतात, याचा विश्वास ठेवता येईल असा आकडा आपल्याकडे नाही. निवेदनात ‘लाखो कुटुंबे’ असे ठोकून दिले की अधिकारी नुसता हसतो. पीएफचे चलान दाखवा म्हणतो, आणि तिथे आपली दातखीळ बसते, कारण कितीतरी पागांत मोतद्दार अजून हजेरीपटावरच नाही.

म्हणून या अंकाच्या मधल्या पानात एक तक्ता जोडला आहे. पान एकच आहे, सबब चालणार नाही. प्रत्येक ट्रेनरने आणि स्टडने तो भरायचा आहे: घोडे किती, माणसे किती, त्यातली पीएफ आणि ईएसआयमध्ये किती, चारा-दाण्याचे महिन्याचे बिल कोणत्या गावात जाते, मालकांकडून किती महिन्यांची थकबाकी. थकबाकीचा रकाना मालकांना झोंबेल, झोंबू द्या. ज्यांना घोड्याच्या तोबऱ्याचे पैसे वेळेवर देता येत नाहीत त्यांनी रेस उद्योगाच्या भवितव्यावर भाषणे करू नयेत.

मागणी एकच धरा, दहा नकोत. ‘३१सी ला आहे ते ३१ए ला द्या.’ दर हवा तो ठेवा, पण एक रुपया एकदाच धरा. ही मागणी घेऊन दिल्लीला जाण्याआधी आपापल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जा. कौन्सिलमध्ये राज्यांच्या मतांचे वजन दोन तृतीयांश आहे. केंद्र एकटे काही ठरवू शकत नाही. मुंबई-पुण्याच्या मंडळींना तर मंत्रालय हाकेच्या अंतरावर आहे. सोबत कार्डाची योजना लिहून न्या, तारखेसह. क्लबांच्या व्यवस्थापन समित्यांनी ती तारीख या सीझनमध्येच जाहीर करावी. तोवर आमच्याकडून त्यांना दर महिन्याला याच जागी आठवण मिळेल.

भरलेले तक्ते महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पोहोचले पाहिजेत. पुढच्या अंकात ते किती आले ते सेंटरनिहाय छापू. ज्या सेंटरमधून एकही येणार नाही, त्याचे नाव आकड्याच्या जागी शून्य घालून पहिल्या पानावर येईल.